चौथी पेटी बसणार नाही

टोचन केलेली अँब्युलन्स फाटकातून आत आली तेव्हा काकी शिडीवर उभी राहून एका व्हॅनच्या टपाला रंगाचं अस्तर मारत होती. वरून तिला आधी दिसला तो अँब्युलन्सचा टप. पांढराशुभ्र, तिच्याच हातचा, कुठे ओघळ नाही, कुठे माशी चिकटल्याची खूण नाही. मग दिसला पुढचा ओढणारा ट्रक. आणि मग ड्रायव्हरचं तोंड.

"परत?" तिने वरूनच विचारलं.

"परत," ड्रायव्हर म्हणाला. "आणि या वेळी आत पेशंट होता, काकी."

काकीने स्प्रेची गन शिडीला अडकवली आणि खाली उतरली. गुडघे कुरकुरले. तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. कुरकुरणाऱ्या कुणाकडेच ती लक्ष देत नसे.

ही शेड तिच्या नवऱ्याने उभी केली होती. तो गेला तेव्हा सगळ्यांनी तिला सल्ला दिला, शेड विकून टाक, शाळेचं तोंड नीट पाहिलं नाहीस, धंदा काय करणार. काकीने सल्ले ऐकून घेतले, सल्ला देणाऱ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा उघडून बसली. आता तिच्या रंगासाठी लोक रांग लावतात. धाकटा भाऊ वेल्डिंग बघतो, त्याला सगळे मामा म्हणतात. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रेलर चालवतो, घरी पाहुण्यासारखा येतो. आणि मुलाची बायको, काकीची सून, गाड्यांचं वायरिंग बघते. हॉस्पिटलच्या झाडून सगळ्या अँब्युलन्स याच शेडमध्ये येतात, आणि त्यातली ही सगळ्यात नवी, सगळ्यात लाडकी, सगळ्यात नाठाळ.

सून बोनेट उघडून स्कॅनर लावून बसलीच होती. स्कॅनर काही बोलेना.

"पेटी गेली," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

पेटी म्हणजे ईसीएम. शेडमध्ये त्याला कुणी ईसीएम म्हणत नसे. हाताच्या पंजाएवढी ॲल्युमिनियमची पेटी. इंजिनाला डिझेल किती द्यायचं, कधी द्यायचं, ते ती ठरवते. ती मेली की इंजिन धडधाकट, टाकी भरलेली, बॅटरी ठणठणीत, आणि गाडी मात्र दगड. या गाडीने अशा दोन पेट्या आधीच खाल्ल्या होत्या. ही तिसरी.

तेवढ्यात हॉस्पिटलचे वाहनप्रमुख आले. त्यांना सगळे साहेब म्हणत आणि ते साहेबासारखेच चालत, म्हणजे पोट आधी आणि आपण मागून. आज मात्र ते घाईत होते. काखेत एक खोकं होतं.

"काकी, हे आता बास झालं."

"पेशंट कसा आहे?" काकीने विचारलं.

"दुसऱ्या गाडीत हलवला. वाचला. वाचला म्हणून मी शब्दांवर भागवतोय." साहेबांनी रुमालाने मान पुसली. "भर चौकात गाडी बंद पडली. आत म्हातारा माणूस, त्याची बायको माझ्या ड्रायव्हरच्या कॉलरला लोंबकळलेली. एका गाडीच्या तीन पेट्या! कंपनीच्या माणसाला फोन केला मी. तो म्हणाला, पेटी अशी आपोआप मरत नाही, तिला कुणीतरी मारतं. आता तुम्हीच सांगा, इथे वायरिंगला हात कोण लावतं?"

उत्तर बोनेटखाली वाकून उभं होतं.

"हे घ्या." साहेबांनी खोकं फळीवर ठेवलं. "चौथी पेटी. उद्या संध्याकाळी मी येतो, तोवर बसवून ठेवा. कंपनीचा माणूस फोनवर सांगेल कशी बसवायची ते. आणि यापुढे तुमच्या सुनेनं आमच्या एकाही गाडीला हात लावायचा नाही. लावला, तर सगळ्या गाड्या सर्व्हिस सेंटरला जातील. हॉस्पिटलात मी सगळ्यांना हे सांगितलंय. रंग मात्र तुमच्याकडेच राहील, काकी. तुमच्या रंगाला तोड नाही."

सुनेचा हात स्कॅनरच्या वायरवर तसाच राहिला. काकीला तो हात दिसला. केसाएवढी वायर केसाएवढ्या वायरीला जोडणारा तो हात होता.

काकी अँब्युलन्सपाशी गेली. दार उघडून किल्ली काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"बसणार नाही," ती म्हणाली.

"काय?"

"चौथी पेटी बसणार नाही. आधीच्या तीन कुणी खाल्ल्या ते कळल्याशिवाय चौथी त्याच्या तोंडात घालायची नाही. तुम्ही डॉक्टरांच्या सावलीत वावरता ना, साहेब? पोट दुखतं म्हटल्यावर डॉक्टर आधी पोट बघतो की पेशंटच बदलून देतो?"

"काकी, गाडी हॉस्पिटलची आहे!"

"आहे ना. शेड माझी आहे. न्या ढकलत. रस्ता सरळ आहे, पुढे चढ लागतो तेवढाच."

ड्रायव्हरने तोंडावर हात धरला. साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा हात तोंडावरच गोठला.

"उद्या संध्याकाळी," साहेब म्हणाले. "एक तर पेटी बसलेली दिसेल, नाही तर माझ्या गाड्या न्यायला दुसरे ड्रायव्हर येतील."

ते गेल्यावर शेडमध्ये कॉम्प्रेसरचा आवाज तेवढा उरला. मामा आपल्या कोपऱ्यात गेला. ड्रायव्हर बाकावर टेकला. सुनेने बोनेट हळूच खाली आणलं.

"आई," ती म्हणाली, "बसवू या पेटी. मी बाजूला होते. काम मला दुसरीकडेही मिळेल."

"दुसरीकडे काय सांगणार? पेट्या खाणारी आली, काम द्या?"

"माझ्यामुळे सगळ्या गाड्या जातील."

"जातील तर जातील. पाय नाहीत त्यांना, चाकं आहेत. ती असतातच जायला."

सून हसली नाही. तिने सरळ विचारलं, "तुमचा तरी विश्वास आहे का, की मी काही बिघडवलं नाही?"

दुसरी सासू असती तर म्हणाली असती, आहे गं बाई आहे, आणि डोळे पुसले असते. काकीने सुनेच्या नाकासमोर बोट नाचवलं.

"विश्वासाचं मला सांगू नकोस. विश्वासावर मी रंगाचा डबा घेत नाही, झाकण उघडून काठी घालून तळ बघते. तू चुकली असशील तर मीच तुला या फाटकाबाहेर काढीन, त्या पोटवाल्याला कशाला त्रास? पण आधी तळ बघू. मीटर घे."

सुनेने मीटर घेतला.

आधी तिने मेलेली पेटी जागेवर तशीच ठेवून इंजिनाची बाकीची बाजू तपासायला घेतली. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर सोडवून बाकावरच्या मोटरवर चढवला आणि फिरवला. जास्त व्होल्ट देतोय का, अधूनमधून उसळी मारतोय का, हे बघायला त्याच्यावर जेवढा बोजा टाकता येईल तेवढा टाकला: मोठे दिवे, भोंगा, हवेचा पंखा. भोंगा वाजला तेव्हा शेजारच्या टायरवाल्याने बाहेर येऊन विचारलं, कोण गेलं? "अजून कुणी नाही," काकी ओरडली, "तुझा नंबर लावू का?" मीटरचा आकडा जागचा हलला नाही. अल्टरनेटर निर्दोष.

मग पाणी. मामाने नळी धरली आणि काचेवर, बोनेटवर, दारांच्या फटींवर पाण्याचा मारा केला. सून आत टॉर्च घेऊन उताणी पडली होती. पेटीच्या जागी थेंबसुद्धा पोचला नाही. मग अर्थिंगच्या पट्ट्या, म्हणजे इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या जाड वेण्या. तिने त्या एकेक सोडवल्या, घासल्या, परत आवळल्या. एक जरा मळलेली होती, पण तेवढ्याने पेटी मरत नाही. मग वायरिंगचा जुडगा हात न सोडता, बोटांनी चाचपत, टोकापासून टोकापर्यंत. कुठे सालपट निघालेलं नाही, कुठे उंदराचा दात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी अर्धी उघडी पडली होती आणि सगळं कसं ठाकठीक होतं. ठाकठीक असण्याचा इतका राग काकीला आयुष्यात आला नव्हता.

"मेलं काहीतरी मोडकं सापडू दे," ती म्हणाली. "आपल्या घरात एरवी एक गोष्ट धड नसते."

सून टायरवर बसली होती. गालाला ग्रीस, डोळ्यांखाली काळं. "गाडीत काही नाही, आई. आता एकच उरलं. मेलेल्या पेट्या. पण त्या तर आपण..."

"फेकल्या? मी? मी कधी काय फेकलंय?"

खरं होतं. काकी लग्नातली चप्पलसुद्धा फेकणारी नव्हती, उगाच नाही तिच्या मागच्या खोलीत माणसाला आडवं चालावं लागायचं. रंगाच्या एका रिकाम्या डब्यातून तिने दोन मेलेल्या पेट्या काढल्या. तिसरी गाडीतून काढली. तिन्ही बाकावर मांडल्या.

झाकणं काळ्या चिकट मसाल्याने बंद केलेली होती. सुनेने पाना उचलला तसा काकीने तो तिच्या हातातून काढून घेतला. "पान्याने उघडशील तर आत काय जळलं आणि काय तू तोडलंस ते उद्या कोण सांगणार? सरक." तिने रंग वाळवायची गरम हवेची गन आणली, मसाला मऊ केला आणि लांबी, म्हणजे पुट्टी, भरायच्या पातळ पत्तीने कडेकडेने फिरवत झाकण असं उचललं, की आतल्या धुळीलाही कळलं नसावं. लांबी भरण्यात जन्म गेला होता. पत्ती कुठे थांबवायची ते तिच्या मनगटाला माहीत होतं.

सून भिंग घेऊन वाकली. पहिल्या पेटीवर बराच वेळ. मग दुसरीवर. तिसरी उघडली तेव्हा ती एकदम उभी राहिली आणि तिने काकीचं डोकं धरून भिंगावर वाकवलं. एरवी असं काही करायची तिची छाती झाली नसती.

"दिसतंय?"

हिरव्या पाटीवर तांब्याच्या बारीक रेघा होत्या. त्यातली एक रेघ मध्येच काळी पडून तुटलेली होती. दुसऱ्या पेटीत तीच रेघ. तिसरीत तीच.

"ही परतीची वाट आहे," सून म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "करंट प्लसकडून येतो, काम करतो आणि या रेघेवरून बॉडीत परत जातो. काम झालेला, दमलेला, थोडासाच करंट. ही नुसती पायवाट आहे, आई. आणि हिच्यावरून कुणीतरी भरलेला ट्रक नेलाय."

"बॅटरीने?"

"बॅटरीकडून आला असता तर इकडची बाजू जळाली असती. इकडे बघा, सगळं कोरं. हा करंट गाडीतला नाहीच. बाहेरून आलाय, बॉडीतून उलटा शिरलाय."

"बाहेरून म्हणजे? आकाशातून?"

तेवढ्यात मामाच्या कोपऱ्यातून चर्र असा आवाज आला. फाटकाचा तुटका कोयंडा तो जोडत होता. समोरच्या भिंतीवर निळा उजेड नाचला, विझला, परत नाचला.

काकीने भिंतीकडे बघितलं. मग ड्रायव्हरकडे.

"या गाडीला मागे काय काय झालं रे? पेट्या सोडून."

"काही नाही, काकी. नवी गाडी. तो स्ट्रेचरचा रूळ तेवढा. मागच्या फरशीवर ज्यावरून स्ट्रेचर आत सरकतो तो. सारखा उखडतो. इथे आणली की मामा टाका मारून देतात, आठवडाभर गाडी लोण्यासारखी..." ड्रायव्हर थांबला. त्याचे डोळे मोठे झाले. "...आणि मग पेटी जाते."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"रेघ आधी अर्धी जळते," सून हळूच म्हणाली. "गाडी चालते. मग खड्डे, हादरे, आणि उरलेली तुटते. म्हणून इथून जाताना कधी काही कळलं नाही."

मामा टोप वर करून ऐकत होता. आता तो उठून आला. काकीपेक्षा वयाने बराच लहान, अंगाने दुप्पट, पण तिच्यासमोर आला की त्याचे खांदे आपोआप आत जायचे. तिनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवला होता.

"ताई, मी बॅटरीचं टर्मिनल काढल्याशिवाय टाका मारत नाही. शप्पथ. सूनबाईनंच बजावलंय."

"ते माहीत आहे, मामा," सून म्हणाली. "चिमटा कुठे लावता?"

वेल्डिंगला दोन दोर असतात. एक हातातल्या कांडीकडे जातो, दुसऱ्याच्या टोकाला दातेरी चिमटा असतो, तो गाडीच्या लोखंडाला धरावा लागतो. करंट कांडीतून टाक्यात उतरतो आणि चिमट्याच्या वाटेने मशीनकडे परत जातो. मधे जे काही सापडेल त्यातून जातो. ही गोष्ट शेडमधल्या सगळ्यांना माहीत होती.

मामाने बहिणीकडे बघितलं.

आणि काकीला समजलं. कुणी सांगायच्या आधी, पायाखालची शिडी सरकावी तसं समजलं.

शेडमधला सगळ्यात जुना कायदा तिचाच होता. फार पूर्वी एकदा मामाने तिच्या ताज्या रंगावर चिमटा लावला होता आणि चिमट्याने रंगाचा लचका तोडला होता. काकीने त्या दिवशी त्याला शेडभर पळवला. तेव्हापासून हुकूम होता: माझ्या रंगाला दात लावायचे नाहीत. चिमटा पुढे, इंजिनाजवळच्या ओढायच्या हुकाला. तिथे रंग नाही, तिथे चाव काय चावायचं ते. मागच्या फरशीवर टाका मारायचा असला तरी चिमटा पुढेच. मामा तेच करत आला होता. जुन्या गाड्यांना त्याने कधी काही झालं नाही. या गाडीत मात्र मागच्या रुळापासून पुढच्या हुकापर्यंतच्या वाटेवर, बॉडी आणि इंजिन यांच्या मधोमध, ती पेटी बसली होती, आणि तिची ती पायवाट.

"हुकाला," मामा पुटपुटला. "नेहमीसारखा."

सून चटकन पुढे आली. "माझंही चुकलं, आई. टर्मिनल काढा म्हटलं, चिमट्याचं मी कधी विचारलंच नाही. मीच बघायला..."

"गप बस. माझ्या चुकीत वाटा मागू नकोस."

मामाने घसा खाकरला. "ताई, एक सुचवू? साहेबाला सांगू, कंपनीच्या पेट्याच खोट्या निघाल्या. एका जातीच्या तीन, एकाच जागी जळालेल्या. खोटं तरी कुठे आहे? तो काय उघडून बघणार आहे? नाही तर माझं नाव घे. मी वेल्डर, मला कोण काय म्हणणार? तुझं नाव नको. हॉस्पिटलात तुझं नाव म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"तुझ्या रंगाला तोड नाही, ताई."

काकी अँब्युलन्सच्या मागच्या दाराशी गेली. आतली फरशी तिने स्वतः रंगवली होती, कडेने निळी रेघ ओढली होती, पट्टी न लावता, नुसत्या हाताने. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. त्या रेघेपायी एक म्हातारा भर चौकात अडकला होता. त्याच रेघेपायी लोक सुनेच्या नावाने खडे फोडत होते, आणि सून कालपासून दुसरीकडे काम शोधायच्या गोष्टी करत होती. आणि रेघ? रेघ लखलखत होती, जशी काही तिच्या बापाचं काही गेलंच नाही.

"हे अजून नुसतं बोलणं आहे," ती वळून सुनेला म्हणाली. "झाकण उघडलं, आता काठी घाल. दाखवता येईल का? डोळ्यांना दिसेल असं?"

सुनेने जरा विचार केला. "येईल. पेटी नाही लावायची. पेटीच्या जागी, त्या परतीच्या वायरीत, काचेचा फ्यूज लावू. रेघ जळते तसा तोही जळेल. जळायची वाट मोकळी असेल तर."

"मग तयारी कर. पोटवाला येईल आता."

साहेब आले ते उन्हं कलल्यावर. सोबत दोन नवे ड्रायव्हर आणले होते, ते फाटकाशीच थांबले. साहेबांनी फळीवरचं न उघडलेलं खोकं बघितलं आणि त्यांच्या नाकपुड्या फुगल्या.

"म्हणजे नाहीच बसवली."

"नाही बसवली. इकडे या. चष्मा आणलाय ना? मग घाला."

काकीने त्यांना दंडाला धरून बोनेटपाशी नेलं. पेटीच्या रिकाम्या जागी दोन वायरींच्या मधे एक काचेचा फ्यूज होता, आतली तार स्पष्ट दिसत होती.

"हा फ्यूज म्हणजे तुमची पेटी समजा. मामा, नेहमीसारखं कर. टर्मिनल काढ, चिमटा हुकाला, आणि मागे रुळाला टाका."

मामा मागे गेला. चर्र झालं. फ्यूजच्या काचेत एक पिवळी ठिणगी उडाली आणि काच आतून काळी झाली.

साहेब दचकून मागे सरले. त्यांनी फ्यूजकडे बघितलं, मागे मामाकडे बघितलं, परत फ्यूजकडे. मूर्ख नव्हते ते. हॉस्पिटलच्या गाड्या चालत्या ठेवणं सोपं नसतं.

"वेल्डिंगने?" ते म्हणाले. "बॅटरी सोडवलेली असताना?"

"बॅटरीचा संबंधच नाही," सून म्हणाली. कालपासून ती साहेबांशी पहिल्यांदाच बोलत होती. "करंट मशीनचा आहे. टाका मागे, चिमटा पुढे, म्हणून तो सगळ्या गाडीतून जातो, थोडा पेटीतून. चिमटा टाक्याच्या शेजारी असेल तर तिथल्या तिथे परत जाईल. इकडे फिरकणारसुद्धा नाही."

"मग शेजारी का नाही लावला?" साहेब मामाकडे वळले. त्यांचा आवाज चढला. "तुमच्या माणसाला एवढीसुद्धा..."

"त्याला नाही," काकी म्हणाली. "मला विचारा. कायदा माझा आहे. मागे सगळा माझा रंग, आणि माझ्या रंगाला दात लावायचे नाहीत, असा माझा हुकूम. तो तुमच्या पेट्या जाळत होता. मामाने हुकूम पाळला, सुनेला त्यातलं काही माहीत नव्हतं. तीन पेट्या मी मारल्या. त्या म्हाताऱ्याला चौकात मी अडकवलं."

फाटकाशी उभे असलेले नवे ड्रायव्हर पुढे सरकले होते, त्यांनाही ऐकू गेलं.

"म्हणजे चूक तुमच्या शेडचीच," साहेब शेवटी म्हणाले.

"माझी. शेडची नाही, माझी. नीट ऐकलंत ना? मग काल हॉस्पिटलात ज्या ज्या माणसाला तुम्ही माझ्या सुनेचं नाव सांगितलंत, त्या त्या माणसाला आज माझं सांगा. मोठ्याने सांगा. तिचं नाव घेताना जेवढा आवाज होता तेवढ्याच आवाजात. त्या म्हाताऱ्याच्या बायकोला मी स्वतः येऊन सांगेन, माझ्या कॉलरला लोंबकळू दे."

"काकी, इतकी वर्षं असंच वेल्डिंग करत होता, जुन्या गाड्यांना काही झालं नाही?"

"त्यांना डोकंच नव्हतं, साहेब. डोकं नसलं की काही बिघडत नाही. तुम्ही आम्ही बघतोच की आजूबाजूला."

ड्रायव्हर या वेळी तोंडावर हात धरायला विसरला.

साहेबही ओठ आवळून जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण अजून खात्री नाही झाली माझी. चिमटा शेजारी लावूनही फ्यूज जळाला तर?"

"तर तुमच्या गाड्या घेऊन जा. नवे ड्रायव्हर आणलेच आहेत, त्यांना तरी कशाला रिकामं पाठवायचं."

मामा चिमटा हातात घेऊन मागच्या दाराशी उभा होता, पण पुढे होईना. रुळाशेजारी सगळीकडे रंगच होता. रंगावर चिमटा लागून उपयोग नाही, लोखंड उघडं हवं. त्याने खिशातून पॉलिशपेपर काढला आणि तसाच धरून राहिला.

"ताई, तू सांग कुठे खरवडू."

"तू नको. तुझा हात दांडगा. अर्धी फरशी सोलशील."

काकी गुडघ्यांवर हात ठेवून आत चढली. रुळाच्या शेजारी, निळ्या रेघेच्या बरोबर मधोमध, तिने कागदी पट्टी लावून एक चौकोन आखला, हातभर लांबून बघितला, एक बाजू तिरकी वाटली म्हणून पट्टी काढून परत लावली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

"रंग खरवडायलाही मोजमाप लागतं?" त्यांनी विचारलं.

"ओरखडा वेगळा आणि खिडकी वेगळी," ती म्हणाली. "ही खिडकी आहे."

मग तिने पत्ती टेकवली आणि दाबली. रंगाची पहिली कात निघाली. निळी, खाली पांढरी, त्याखाली अस्तर करडं. प्रत्येक थर तिने कधी मारला होता ते तिला आठवत होतं. सून दाराशी येऊन उभी राहिली. काही बोलावं असं तिला वाटत होतं, पण सासूचा चेहरा असा होता की त्याच्यावर काही ठेवायला जागा नव्हती. खाली लोखंड उघडं पडलं, चकचकीत. काकीने त्यावर अंगठा फिरवला, कुठे रंगाचा कण राहिला का बघितलं, आणि मामाच्या हातून चिमटा घेऊन स्वतःच्या हाताने त्या चौकोनात, फरशीच्या काठाला चावायला लावला.

"मार टाका."

चर्र. निळा उजेड, ठिणग्या, परत चर्र. पुढे बोनेटपाशी साहेब आणि ड्रायव्हर डोकी लावून नव्या फ्यूजकडे बघत होते. मामाने मुद्दामच टाका लांब ओढला, मग अजून एक मारला, मग तिसरा.

"तार शाबूत आहे!" ड्रायव्हर ओरडला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितलं. "शाबूत आहे," तेही म्हणाले.

सुनेने खोकं उघडलं. चौथी पेटी बाहेर काढली, जागेवर बसवली, कनेक्टर दाबला. तो बसल्याचा टक् असा आवाज झाला. काकीने ते बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली.

"मामा," ती म्हणाली, "यापुढे या शेडमध्ये चिमटा कुठे लागणार ते ही सांगेल. ही म्हणाली माझ्या रंगावर, तर माझ्या रंगावर. ही म्हणाली माझ्या डोक्यावर, तर डोक्यावर."

"डोक्यावर नको, आई," सून म्हणाली. "तिथलं लोखंड फार कडक आहे. चिमट्याचे दात तुटतील."

मामा खो खो हसला आणि लगेच गप्प झाला, बहिणीकडे बघून. सुनेने आज पहिल्यांदाच सासूपुढे असं तोंड चालवलं होतं आणि ते धारदार निघालं होतं. काकीला स्वतःचा वारस सापडल्यासारखं झालं, पण ते कबूल करायची तिला काही घाई नव्हती.

"गाडी सुरू करा," साहेब म्हणाले आणि सवयीने काकीपुढे हात पसरला. "किल्ली."

काकीने एप्रनच्या खिशातून किल्ली काढली. साहेबांच्या पसरलेल्या हातावरून तिने ती सरळ पलीकडे नेली आणि सुनेच्या तळव्यावर ठेवली.

"हिच्याकडे मागा," ती म्हणाली, आणि पत्ती पुसत पुढच्या अँब्युलन्सकडे निघाली. अजून बऱ्याच गाड्यांना खिडक्या काढायच्या होत्या.

मागे साहेबांनी घसा साफ केला. मग ते सुनेकडे वळले आणि त्यांनी किल्ली मागितली.